गिझर विकला, विसण कोण घालणार?

कापडाच्या व्यापाऱ्याने नळकामावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु बाजारपेठेत एका दुकानातील बदल शेजारच्या दुकानात कळतोच. आम्ही टॉवेल, पंचे आणि चादरी विकतो. म्हणजे आमचा माल न्हाणीघराच्या दारापर्यंत जातो. त्या दाराच्या आत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जो बदल झाला त्याचा विचार आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी करावा, असे आम्हांस वाटते. या बदलात एक धोका आहे आणि एक धंदाही आहे.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणी कारखान्याची वसाहत. कारखान्यातून निवृत्त झालेले कितीतरी कामगार मूळ गावी न परतता येथेच, ठाणा पेट्रोल पंप, शहापूर आणि भंडारा शहराच्या बाजूला स्वतःचे घर बांधतात. आयुष्यभराची पुंजी त्या घरात ओतलेली असते. घरात संगमरवरी फरशी येते, न्हाणीघरात शॉवर येतो, भिंतीवर गिझर येतो, गच्चीवर सौर बंब येतो. आणि या घरात राहणार कोण? साठी ओलांडलेले नवरा-बायको, आणि सुटीत येणारी नातवंडे. गरम पाण्याने पोळण्याचा धोका ज्यांना सर्वांत जास्त, नेमकी तीच माणसे.

घंगाळ आणि विसण

आपल्या जुन्या घरांत तांब्याचा बंब होता, पितळेचे घंगाळ होते. बंबातील पाणी कढत असे. ते घंगाळात घेऊन त्यात थंड पाणी घालावे लागे, त्याला विसण म्हणतात. खेड्यापाड्यांत कोणी इसणही म्हणतात. विसण घालणारी घरातील आई, आजी किंवा मोठी बहीण असे. ती आधी हात बुडवून पाही, मग पोराला पाटावर बसवी. पाणी आणि अंग यांच्या मध्ये एक जाणता हात होता. तो हात हीच त्या काळची सुरक्षेची व्यवस्था होती, आणि ती फुकट होती.

शॉवर आला आणि तो हात मधून निघून गेला. आता गिझरचे कढत पाणी एका नळीतून येते, टाकीचे थंड पाणी दुसऱ्या नळीतून येते आणि दोन्हींची गाठ भिंतीतील मिक्सरमध्ये पडते. तेथून ते थेट अंगावर. माणूस दोन चाव्या फिरवून आपल्याला हवे तसे पाणी जुळवतो खरा. पण जुळवल्यानंतर पाणी तसेच राहील याची हमी साधा मिक्सर देत नाही. तो फक्त दोन पाण्यांना एकत्र येऊ देतो. त्यांच्यावर लक्ष ठेवणे त्याच्या कामात बसत नाही.

पाणी अचानक का तापते?

बहुतेक घरांत गच्चीवर एकच टाकी आणि तिच्यातून खाली येणारी एकच नळी असते. त्याच नळीवर संडासाचा फ्लश, स्वयंपाकघराचा नळ, धुण्याचे यंत्र आणि न्हाणीघराचे थंड पाणी. शॉवर चालू असताना कोणी फ्लश ओढला की थंड पाण्याचा दाब एकाएकी घटतो. गरम पाणी गिझरमधून त्याच्या वेगळ्या नळीने पूर्वीइतक्या किंवा जवळपास तितक्याच जोराने येत राहते. मिश्रणात गरमाचा वाटा वाढतो. क्षणापूर्वी कोमट असलेले पाणी चटका देऊ लागते. माणूस दचकून मागे सरतो, ओल्या फरशीवर पाय घसरतो. म्हाताऱ्या माणसाला चटक्यापेक्षा ती पडझड कधीकधी जास्त महाग पडते.

दुसरे कारण टाकी रिकामी होणे. सकाळी वीज गेलेली असते, मोटर लागत नाही, टाकीत पाणी उरत नाही. थंड पाण्याची नळी आधी कोरडी पडली आणि गरम नळीत पाणी उरलेले असले तर थोडा वेळ नुसते गरम पाणी येते. तिसरे कारण गिझरमधील थर्मोस्टॅट बिघडणे. त्याचे संपर्कबिंदू जळून चिकटले की तापविणारे वेटोळे बंद होत नाही आणि पाणी ठरवलेल्या तापमानाच्या पुष्कळ वर जाते. चौथे कारण सौर बंब. त्याला थर्मोस्टॅट नसतोच. ऊन जितके देईल तितके तो घेतो. ६०-७० अंशांचे पाणी ही त्याची नेहमीची कमाई, आणि वापर कमी असलेल्या दिवसांत काचेच्या नळ्यांचा बंब त्याच्याही पुढे जातो. विदर्भाच्या उन्हाची ओळख करून देण्याची गरज नाही.

किती सेकंदांत काय होते

रंगाऱ्याकडे जाऊन पाहिले तर तापमानाची किंमत कळते. सुती कापडाच्या रंगात कोल्ड ब्रँड आणि हॉट ब्रँड अशी दोन घराणी आहेत. एकाला चाळीस अंशांच्या आत-बाहेर पाणी लागते, दुसऱ्याला ऐंशीच्या जवळ. चूक झाली तर थान वाया जाते, म्हणून चांगला रंगारी अंदाजावर विसंबत नाही, तापमापक जवळ बाळगतो. थानाची एवढी फिकीर करणारे आपण पोराच्या अंगाची मात्र अंदाजावर सोडतो.

माणसाच्या कातडीचा हिशेब १९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन शास्त्रज्ञांनी मांडला. आजही जगभर त्याचाच आधार घेतला जातो. पाणी ६० अंश सेल्सिअस असेल तर प्रौढ माणसाची कातडी खोलवर भाजायला साधारण पाच सेकंद पुरतात. ५४ अंशांना अर्धा मिनिट लागतो. ४९ अंशांपर्यंत उतरले तर कित्येक मिनिटे मिळतात. ७० अंशांना एखादा सेकंद. लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची कातडी पातळ असते, त्यांना याहून कमी वेळ मिळतो.

हे आकडे नीट पाहावेत. ६० आणि ४९ यांत अवघा अकरा अंशांचा फरक आहे, पण एका बाजूला पाच सेकंद आहेत आणि दुसऱ्या बाजूला नळ बंद करून बाजूला होण्याइतका निवांत वेळ. साखरेचा आजार जुना झालेल्यांच्या पायांची जाणीव कमी होते. पाणी पोळते आहे हे त्यांना वेळेवर समजतच नाही. ‘चटका लागला की बाजूला होतील’ हा हिशेब त्यांना लागू पडत नाही.

मग कोणी म्हणेल, गिझरच ४५ अंशांवर ठेवा म्हणजे झाले. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९८३ साली कायदा करून नवे बंब ४९ अंशांवर बसवूनच विकायला लावले, आणि त्याचा चांगला परिणाम दिसला. परंतु दुसरी बाजूही आहे. १९७६ साली अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरात एका हॉटेलातील संमेलनानंतर न्यूमोनियासारखा आजार पसरला. त्या आजाराच्या जंतूला पुढे लिजिओनेला हे नाव मिळाले. हे जंतू साधारण २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या कोमट पाण्यात वाढतात आणि ६० अंशांना मरतात. म्हणून मोठ्या टाकीत, विशेषतः वसतिगृह, लॉज किंवा दवाखान्यात, पाणी दिवसेंदिवस कोमट ठेवणे बरे नव्हे. साठवताना पाणी कढत असावे आणि अंगावर पडताना सोसवेल असे असावे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या तर मध्ये विसण घालणारा कोणीतरी हवा. पोळण्यापासून राखणारा व्हॉल्व्ह म्हणजे तो विसण घालणारा हात. आता तो पितळेचा झाला आहे.

दोन प्रकारचे व्हॉल्व्ह

पहिला प्रकार दाब सांभाळणारा. याची रीत तराजूसारखी आहे. व्हॉल्व्हच्या पोटात एक छोटी दांडी किंवा पडदा असतो. एका अंगाला गरम पाणी, दुसऱ्या अंगाला थंड पाणी. दोन्हीकडचा दाब सारखा तोपर्यंत दांडी मधोमध. थंडाचा दाब घटला की गरमाचा दाब दांडीला ढकलतो आणि ती सरकताना गरमाचीच वाट अरुंद करते. त्यामुळे पाण्याची धार कमी होते, पण गरम आणि थंड यांचे प्रमाण जवळपास तेच राहते. फ्लश ओढल्यावर लागणारा चटका या व्हॉल्व्हने टळतो. तो स्वस्त आहे, साधा आहे. पण त्याला तापमान कळत नाही. गिझरचे पाणी ६० चे ८० झाले तरी दोन्हीकडचा दाब सारखा असल्याने तो स्वस्थ बसतो. म्हणून त्याच्या मुठीला एक अटकाव लावलेला असतो, ज्याच्यापुढे मूठ गरमाकडे फिरत नाही. हा अटकाव प्लंबरने पाणी मोजून बसवायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो कारखान्यातून आला तसाच राहतो.

दुसरा प्रकार तापमान ओळखणारा, म्हणजे थर्मोस्टॅटिक. त्याच्या पोटात मेणाची एक छोटी बंद डबी असते. मिश्र झालेले पाणी या डबीला धुऊन पुढे जाते. पाणी जास्त गरम झाले की मेण पातळ होऊन फुगते, डबीतील खिळा पुढे सरकतो आणि गरमाची वाट आवळतो, थंडाची सोडतो. पाणी गार झाले की मेण आकसते आणि स्प्रिंग खिळ्याला मागे लोटते. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. आपल्या मोटर मेकॅनिक बांधवांना हे यंत्र नवे नाही. गाडीच्या रेडिएटरचा थर्मोस्टॅट याच तत्त्वावर चालतो. सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने १९३० च्या दशकात ही मेणाची डबी मोटारींसाठी तयार केली. तीच पुढे न्हाणीघरातही आली. या व्हॉल्व्हच्या मुठीवर ३८ अंशांची खूण आणि बहुधा एक बटण असते. बटण दाबल्याशिवाय मूठ त्यापुढे जात नाही, म्हणजे लहान मुलाने खेळता खेळता फिरवली तरी पाणी तेथेच थांबते. आणि सर्वांत मोठा गुण असा की थंड पाणी पूर्ण बंद पडले तर चांगला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह गरम पाणीही काही सेकंदांत रोखतो.

विलायतेत दवाखान्यांसाठी असलेल्या अशा व्हॉल्व्हना शॉवरला ४१ अंश आणि टबाला ४४ अंश अशी मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये २०१० पासून नव्या घरांच्या टबात ४८ अंशांपेक्षा जास्त पाणी येऊ नये असा बांधकामाचा नियम आहे. तेथे हा व्हॉल्व्ह चैनीची वस्तू राहिलेला नाही. आपल्याकडे तो शोरूमच्या काचेत, पाहुण्याला दाखविण्याच्या वस्तूंत मांडलेला असतो. हीच गोष्ट आम्हांस खटकते.

आपल्या घरांत तो चालेल का?

येथे व्यापाऱ्याने खरे बोलले पाहिजे. हा व्हॉल्व्ह प्रत्येक घरात, कसाही ठोकला तर चालत नाही. परदेशात नळाला मोठा दाब असतो. आपल्याकडे दाब गच्चीवरच्या टाकीच्या उंचीचा. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब, हा प्लंबरचा नेहमीचा हिशेब. वरच्या मजल्यावरच्या शॉवरपासून टाकी तीन मीटर वर असेल तर दाब कसाबसा पाव ते तृतीयांश किलो. पुष्कळ थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हना किमान अर्धा ते एक किलो दाब हवा असतो. तेथे तो बसवला तर पाणी ठिबकेल आणि गिऱ्हाईक शिव्या देईल. अशा घरासाठी कमी दाबावर चालणारा प्रकार मागवावा, किंवा टाकी उंचावर घ्यावी, किंवा छोटा प्रेशर पंप लावावा. खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो. तो वाचून मगच माल द्यावा.

तीन लिटरचा छोटा इन्स्टंट गिझर आणि गॅस गिझर यांच्याशीही त्याचे नीट जमत नाही. व्हॉल्व्हने गरमाची धार आवळली की गॅस गिझरचा जाळ विझतो, कारण त्याला पेटते राहायला ठरावीक प्रवाह लागतो. मग पाणी गार, मग पुन्हा पेटणे, पुन्हा गरम, असा खेळ सुरू होतो. १५-२५ लिटरचा साठवणीचा गिझर आणि सौर बंब यांच्याशी हा व्हॉल्व्ह चांगला जुळतो.

बोअरच्या पाण्यातील क्षार हा तिसरा शत्रू. गरम पाण्याच्या बाजूला पांढरे पोपडे धरतात, दांडी अडकते, खिळा जाम होतो. म्हणून दोन्ही नळ्यांवर गाळणी हवी, आणि वर्ष-सहा महिन्यांनी आतला भाग काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून साफ करायला हवा. दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवेत, नाहीतर एका नळीचे पाणी दुसरीत शिरते. गरम डावीकडे आणि थंड उजवीकडे हा नियम मोडला तर मेणाच्या डबीचा सगळा हिशेब उलटा होतो. गिझरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र निराळा. तो टाकी फुटू नये म्हणून दाब सोडतो. त्याच्यामुळे कातडी वाचेल असे कोणी गिऱ्हाइकाला सांगत असेल तर ते चुकीचे आहे. आणि मिक्सर नवा बसवला म्हणून तो सेफ्टी व्हॉल्व्ह काढून टाकणे तर फारच घातक.

इतके सारे पाहता ज्या घरात बादलीनेच आंघोळ होते तेथे महागड्या व्हॉल्व्हची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे गिझर ५० अंशांच्या आसपास ठेवावा, बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम सोडावे, आणि कढत बादली पोराच्या आवाक्यात ठेवू नये. एवढे पुरे. परंतु शॉवर लावला, सौर बंब लावला, घरात म्हातारे माणूस किंवा लहान मूल आहे, तेथे साध्या मिक्सरवर भागवणे म्हणजे अर्धेच काम करणे होय.

मशिदीचा वुजूखाना, वसतिगृह आणि लॉज

थंडीच्या दिवसांत आपल्याकडे फजरच्या वेळी पाण्यात हात घालवत नाही. म्हणून आता पुष्कळ मशिदींत वुजूखान्यावर गिझर किंवा सौर बंब बसतो. ही चांगली सोय आहे. पण तेथे नळ दहा-बारा आणि वुजू करणारांत वृद्ध पुष्कळ. एका रांगेत सगळे नळ एकदम उघडतात आणि एकदम बंद होतात, म्हणजे दाब सतत वर-खाली होतो. शेवटी जो उरतो त्याच्या हातावर कढत पाणी येते. येथे प्रत्येक नळाला वेगळा व्हॉल्व्ह लावण्याची गरज नाही. गिझरच्या किंवा बंबाच्या तोंडाशी एकच मोठा थर्मोस्टॅटिक मिश्रण-व्हॉल्व्ह बसवावा, त्याला ४० अंशांच्या आसपास बांधावे आणि तेथून पुढे एकच कोमट नळी सर्व नळांना द्यावी. ही कोमट नळी शक्य तितकी आखूड ठेवावी, म्हणजे तिच्यात पाणी साठून राहणार नाही. खर्च एका व्हॉल्व्हचा, सोय सर्वांची. मदरशांची वसतिगृहे, छोटे दवाखाने आणि मंगल कार्यालये यांनाही हाच उपाय लागू आहे. विश्वस्त मंडळींनी ठेका देताना कागदावर ही एक ओळ लिहून घ्यावी.

लॉजवाल्यांचेही तेच. नागपूर-भंडारा महामार्गावर, आणि नागझिरा-कोका अभयारण्यांच्या बाजूला राहण्याच्या जागा वाढल्या आहेत. पाहुण्याला त्या न्हाणीघराची सवय नसते. कोणती चावी गरमाची हे तो अंदाजाने फिरवून पाहतो. असा पाहुणा किंवा त्याचे मूल पोळले तर त्या लॉजचे नाव दोन दिवसांत सर्वत्र होते.

धंदा कोणाचा, जबाबदारी कोणाची?

आता मुद्द्याचे. गिझर विकणारा म्हणतो, माझे काम गिझर देणे. मिक्सर विकणारा म्हणतो, प्लंबरने मागितला तो दिला. प्लंबर म्हणतो, मालकाने आणून दिला तो बसवला. मालक म्हणतो, मला काय कळते? या साखळीत विसण घालण्याचे काम कोणाच्याच खात्यावर नाही. कापडाच्या धंद्यात रंग गेला तर गिऱ्हाईक थेट आमच्या गादीवर येते. आम्ही गिरणीकडे बोट दाखवून सुटत नाही, सुटूही नये. नळकामात मात्र सर्वांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याची रीत पडली आहे.

कायदाही आता या साखळीकडे पाहू लागला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात मालामुळे झालेल्या इजेची जबाबदारी सांगणारे एक स्वतंत्र प्रकरण आहे. कारखानदाराने दिलेल्या सूचना आणि धोक्याचे इशारे गिऱ्हाइकापर्यंत न पोहोचवणारा, किंवा माल जोडताना आणि तपासताना वाजवी काळजी न घेणारा विक्रेता त्यात सापडू शकतो. काम करणारा कारागीरही त्याच्या कक्षेबाहेर नाही. म्हणून खोक्यातील सूचनांचा कागद कचऱ्यात टाकण्याची सवय सोडावी. तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि दोन वाक्यांत समजावून सांगावे.

यात नुसती धास्ती नाही, रोजगार आहे. साधा मिक्सर कोणीही बसवतो, त्यामुळे मजुरीत चढाओढ आणि भाव पाडापाडी. ज्याला दाब मोजता येतो, अटकाव बांधता येतो, गाळणी साफ करता येते, त्याला वर्षातून एकदा पुन्हा त्याच घरात बोलावणे येते. हा कायमचा गिऱ्हाईक झाला. आपली कितीतरी मुले उस्तादाच्या हाताखाली नळकाम शिकतात. हात चांगला असतो, पण कागद वाचण्याचा कंटाळा असतो आणि तापमापक हत्यारांच्या पेटीत नसतो. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, तो ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर करावा. ज्यांना शक्य नाही त्यांनी निदान शंभर अंशांपर्यंतचा, डेअरीत दुधासाठी वापरतात तसला तापमापक विकत घ्यावा. तापाचा तापमापक येथे चालत नाही, तो ४२ अंशांना संपतो.

भंडाऱ्याला पितळेचे शहर म्हणतात. येथील भांड्यांच्या ठोक्यांचा आवाज एके काळी दूरवर जाई. स्टेनलेस स्टील आणि प्लास्टिक आले आणि तांबट-कासार मंडळींचा तो धंदा पार आटला. व्हॉल्व्हचे अंग आजही पितळेचेच लागते, आणि देशातील पितळी सुट्या भागांचा मोठा बाजार गुजरातेत जामनगरला आहे. पितळेची जाण असलेल्या जिल्ह्याने जामनगरहून फक्त माल उतरवून घ्यावा की निदान दुरुस्तीचे, सुट्या भागांचे आणि जोडणीचे काम आपल्याकडे वाढवावे, याचा विचार भांडी-बाजारातील मंडळींनीही करायला हरकत नाही.

आज करण्यासारखे

घरमालकांनी प्रथम फुकटची कामे करावीत. गिझरची कळ कोठे आहे ते पाहावे. ती बाहेर असेल तर स्वतः खाली आणावी. झाकणाच्या आत असेल तर वीज तोडून जाणकाराकडून आणवावी. नळाखाली भांडे धरून पाणी मोजावे. नवे घर बांधत असाल तर फ्लशची नळी टाकीपासूनच वेगळी आणावी. भिंत बंद होण्यापूर्वी हे काम थोड्या पैशांत होते, नंतर फरशी फोडावी लागते.

प्लंबर बांधवांनी व्हॉल्व्ह बसवल्यावर मालकासमोर एक परीक्षा करून दाखवावी. शॉवर कोमट चालू ठेवून थंडाचा स्टॉप कॉक बंद करावा. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असेल तर गरम धार काही सेकंदांत आटली पाहिजे. दाब सांभाळणारा असेल तरी धार एकदम बारीक झाली पाहिजे. कढत धार तशीच चालू राहिली तर व्हॉल्व्ह तरी खोटा किंवा जोडणी तरी चुकीची. या परीक्षेला मिनिटभर लागतो. ती दर सहा महिन्यांनी मालकाने स्वतःही करावी, मात्र धारेखाली कोणी उभे नसताना.

दुकानदारांनी गिझर विकताना तीन प्रश्न विचारावेत: घरात लहान मूल किंवा वृद्ध आहे का, टाकी किती उंच आहे, आंघोळ बादलीने की शॉवरने? उत्तर ऐकून योग्य माल सुचवावा. गरज नसेल तर महागडा माल गळ्यात मारू नये. आज एक व्हॉल्व्ह कमी विकला गेला तरी गिऱ्हाइकाचा विश्वास दुकानात राहतो, आणि बरकत त्यातच असते.

जवाहरनगरला सुरक्षेचे महत्त्व कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी कारखान्यात झालेल्या स्फोटाचे दुःख या वसाहतीने पाहिले आहे. धोक्याच्या कामात माणसाच्या सावधपणावरच सारे सोपवून चालत नाही, हे तेथील प्रत्येक जुना कामगार सांगेल. तोच कामगार घरी आल्यावर मात्र नातवाला शॉवरखाली उभे करून म्हणतो, ‘जरा सांभाळून रे.’

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, अशी म्हण आहे. आपल्या बाजारात ताक फुंकणारे पुष्कळ भेटतात. पोळण्याआधीच दूध निववून देणारे कारागीर आणि दुकानदार वाढावेत, एवढीच आमची विनंती आहे. हिवाळा तोंडावर आला की गिझरची विक्री सुरू होईल. या हंगामात निदान एका घरात, एका वुजूखान्यात, एका वसतिगृहात ही परीक्षा करून पाहावी.